हजारामागे अर्धा

४ मार्च, सोमवार

ही वही डॉक्टरांनी ह्यांचं पाणी लिहायला सांगितली होती. दिवसाला पाऊण लिटर, त्यावर एक घोट नाही. तीन महिने इमानेइतबारे लिहिलं. पण मी शिलाई मशीनवर बसले की हे नळाकडे जातात आणि मला ते कळत नाही, असं ह्यांना वाटतं. खोटे आकडे लिहून हात दुखवण्यापेक्षा आता यात माझ्या मनातलं लिहिणार आहे. घरात ते ऐकून घ्यायला कोणी नाही. वही निदान मधेच उठून जात नाही.

आज वॉर्डच्या दारावर नोटीस लागली. पंधरा एप्रिलपासून डायलिसिसच्या आठ मशीनपैकी दोन बंद. कारण काय, तर ‘निधीची अनुपलब्धता’. जागा कमी पडल्यास काही रुग्णांना आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच घेतलं जाईल, कोणाला ते नंतर कळवू. मी तीन वेळा वाचली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास रक्त धुऊन घेतात तेव्हा कुठे हा माणूस जिना चढतो. त्यातला एक दिवस काढला तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

हे काय म्हणाले? “नोटीस तिरकी लावलीय.”

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. जगात जे जे तिरकं आहे ते ह्यांना आधी दिसतं. बाकीचं दिसतच नाही.

८ मार्च, शुक्रवार

बाहेरच्या बाकांवर आम्ही बायका, आया, भाऊ ताटकळत बसलेले असतो. तिथे आज एक मुलगी पत्रकं घेऊन आली. कसल्याशा मोहिमेची. शेअर, रोखे, परकी चलन यांची जी खरेदी-विक्री दिवसभर चालते, तिच्यावर म्हणे पॉइंट झिरो फाइव्ह टक्के कर लावा. त्या पैशातून दवाखाने चालतील. दर वाक्यात एक पॉइंट. मी मनातल्या मनात तिचं नावच पॉइंट ठेवलं.

सगळे तोंडाकडे बघत बसले. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, “बाई, हजाराचे शेअर घेतले तर कर किती, ते सांग.”

तिने मोबाइल काढला. “अर्धा.”

“अर्धा काय?”

“हजार असतील तर अर्धा. एकसुद्धा नाही.”

मी दोऱ्याचं एक रीळ घेतलं तरी कर भरते. सुया घेतल्या तरी भरते. आणि हे लोक डोळ्याचं पातं लवायच्या आत गोदामं भरतील एवढे शेअर घेतात, विकतात, परत घेतात, आणि त्यावर काही नाही? माझं डोकंच फिरलं. मी बोलत सुटले. थांबले तेव्हा पॉइंट माझं बोलणं लिहून घेत होती आणि तिच्या पत्रकाच्या वर मोठ्या अक्षरात तिने लिहिलं होतं, ‘हजारामागे अर्धा’.

आता मी म्हणे निमंत्रक. नको म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात हे आतून आले आणि म्हणाले, “हिला करा, हिला. घरात वाया जातेय.”

२० मार्च, बुधवार

चळवळ करायची तर माणसांनी एकत्र बसायला हवं, एवढी साधी गोष्ट. पण आमचे पेशंट दोन बॅचमध्ये आहेत. सोमवार-बुधवार-शुक्रवार आमची, मंगळवार-गुरुवार-शनिवार त्यांची. एक बॅच मोकळी असते तेव्हा दुसरीच्या हातात सुया. दोन वर्षं आम्ही त्याच बाकांवर बसतोय, पण एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत.

म्हणून सिस्टरच्या टेबलावर एक निरोपवही ठेवलीय. आम्ही आज लिहायचं, त्यांनी उद्या उत्तर द्यायचं, आम्ही परवा वाचायचं. त्यांच्या बॅचचे पुढारी एक मास्तर आहेत, निवृत्त, स्वतःच पेशंट. मी लिहिलं, ‘फलकाचं कापड हिरवं घेऊ का?’ मास्तरांनी माझं शुद्धलेखन लाल पेनने दुरुस्त केलं आणि खाली लिहिलं, ‘चर्चा व्हावी.’ कापडाच्या रंगाला सहा दिवस! शेवटी ठरलं पिवळं, म्हणजे बाजारात नसलेलं. पडद्याच्या अस्तराचे तुकडे जोडून मी बारा हात लांब फलक शिवला. मास्तरांचा निरोप आला, ‘टाके सुबक आहेत. “मागे” जोडून लिहावे.’ मी जोडूनच लिहिलं होतं, मधे शिवण आली होती. त्या माणसाला एकदा समोर धरून बोलणार आहे मी.

मोर्चाची तारीख मात्र एका फेरीत ठरली. शेअरबाजारासमोर, सगळ्यांनी, रविवारी. दोन्ही बॅचना मोकळा असा तेवढा एकच दिवस.

३१ मार्च, रविवार

हसावं की रडावं कळत नाही.

एक्केचाळीस जण होतो. चाकाच्या खुर्च्या तीन. पॉइंटचे लोक दुसऱ्या गावी होते, नाहीतर त्यांनी तरी सांगितलं असतं. आम्ही फलक धरून घोषणा देत चौक ओलांडला, त्या काचेच्या उंच इमारतीपुढे उभे राहिलो आणि गळा सुकेपर्यंत ओरडलो. आत दिवा नाही, बाहेर गाडी नाही. एक वॉचमन डबा खात बसला होता. तो उठून आला आणि अगदी नरमाईने म्हणाला, “ताई, रविवारी बाजार बंद असतो.”

आठवडाभर आखणी केली. शुद्धलेखन तपासलं. आणि एक्केचाळीस माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! आमच्या डोक्यात आठवड्याचे दोनच भाग, मशीनचे दिवस आणि रविवार. जगाचा रविवार वेगळा असतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

वॉचमन ह्यांना ओळखत होता. त्या इमारतीच्या लिफ्ट ह्यांनीच अकरा वर्षं सांभाळल्या. त्याने आमच्या लोकांसाठी आतलं स्वच्छतागृह उघडून दिलं, खुर्च्या दिल्या. मास्तर भेटले. मला वाटलं होतं उंच, करडा माणूस असेल. निघाले माझ्या खांद्याएवढे, आणि हसले की डोळे मिटतात. मी ठरवलेलं एकही वाक्य बोलले नाही. आमच्या बॅचच्या बेकरीवाल्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली. तो चौतीसचा आहे, त्याची छोकरी फलकाच्या खालून ये-जा करत होती. दोन्ही बॅचच्या बायका पायऱ्यांवर बसून एकमेकींना हातावरच्या सुयांच्या गाठींबद्दल सांगत होत्या. दोन तास कोणी हलेना.

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, “अकरा वर्षं तिथे होतात. रविवारी बंद असतं हे माहीत नव्हतं?”

“होतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर लोक भेटले कधी असते?” आणि चप्पल काढून, पाय वर घेऊन पडले. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. भांड्यांचा काही दोष नव्हता.

१३ एप्रिल, शनिवार

काल यादी लागली. शुक्रवारच्या पाळीत एकच जागा कमी पडत होती. डॉक्टरांनी ह्यांची तशीच ठेवली, ह्यांचं हृदय अशक्त आहे म्हणून, आणि बेकरीवाल्याची काढली. त्याला आता सोमवार आणि बुधवारच.

मला आनंद झाला. मागाहून लाज वाटली, पण आधी आनंदच झाला, हे वहीत तरी खरं लिहिते.

बेकरीवाला यादीपुढे बराच वेळ उभा होता. डॉक्टर त्याला म्हणाले, तरुण आहेस, निभेल. हे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मला वाटलं धीर देत असतील. नंतर विचारलं तर म्हणाले, “पाव कसा फुगतो ते विचारत होतो.”

२६ एप्रिल, शुक्रवार

आमचा मोर्चा रिकाम्या इमारतीवर गेल्याची बातमी एका पेपरात आली, हसण्यासाठीच छापली होती, पण तिने मोहिमेला पाच हजार सह्या मिळवून दिल्या. आता अर्थविषयक समितीपुढे म्हणणं मांडायला बोलावणं येणार, त्यासाठी आणखी सह्या हव्यात. पॉइंट म्हणते बाजारपेठेत शुक्रवारी गर्दी असते. मी म्हटलं, शुक्रवारी मला ह्यांच्याबरोबर वॉर्डात जायचं असतं.

हेच म्हणाले, “तू जा. मला बस कळते. चार तास बाकावर बसून तू माझं काय करणार?”

म्हणून दोन शुक्रवार मी सह्या गोळा करतेय. लोक काय एकेक बोलतात! एक भाजीवाली म्हणाली, आणखी कर? मी तिला हजारामागे अर्धा समजावलं, तेव्हा तिने सही केली आणि रांगेतल्या चौघांना करायला लावली. आवाज बसलाय. पण खोटं कशाला बोलू, अंगात बळ आलंय. ह्यांच्या तिसऱ्या दिवसासाठीच तर ही मरमर चाललीय.

आणि हे? मी घरी आले तर ह्यांचे पाय सुजलेले. मोजे काढले तर घोट्यावर खड्डा. मी विचारलं किती पाणी प्यालात, तर म्हणे पाऊण लिटर. माझ्या तोंडावर खोटं!

६ मे, सोमवार

ह्यांना काय झालंय कळत नाही. शनिवारी मला फ्यूज बदलायला शिकवत बसले. काल घरातल्या सगळ्या चाव्या काढून त्यांना चिठ्ठ्या बांधल्या, ‘माळा’, ‘मीटरची पेटी’, ‘लोखंडी कपाट, वरचा कप्पा’. कपाटातले कागद काढून मला एकेक दाखवले. मला अडीचशे सह्यांची यादी नकलून द्यायची होती. मी म्हटलं, “हे सगळं तुम्हाला माहीत आहे ना? मग मला कशाला?” तर म्हणाले, “असू दे.”

या वयात माणसं रिकामटेकडी झाली की घर डोक्यावर घेतात.

बेकरीवाला दर शनिवारी पावाची लादी पाठवतो. पैसे घेत नाही. आज वॉर्डात भेटला तर मान खाली घालून निघून गेला. त्याची जागा गेली, आमची राहिली, म्हणून राग असेल असं म्हणावं तर पाव कशाला पाठवतो? सिस्टरही माझ्याकडे बघून काही बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांना आत बोलावलं.

ह्यांना तीन उशा लागतात आता. आडवं झालं की दम लागतो. आज सकाळी मी नळाला कुलूप लावायची धमकी दिली. नको ते बोलले. इतकं बोलले की शेजारीण खिडकीत आली. हे ऐकून घेत होते. एकदाही म्हणाले नाहीत की मी पाणी पीत नाही.

१७ मे, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय, मास्तरांनी खुशाल दुरुस्त करावं.

आज पॉइंटने ठरवलं, बाजारपेठ पुरे, खुद्द शेअरबाजारासमोर उभं राहू. कामाचा दिवस, अकराची वेळ, सुटाबुटातली माणसं आत-बाहेर. मी कागद पुढे करत दारापर्यंत गेले. काचेच्या पलीकडे लिफ्टजवळ वॉचमनच्या स्टुलावर हे बसले होते.

शुक्रवार. अकरा वाजता. त्या वेळी ह्यांच्या हातात सुया असायला हव्यात.

मी आत गेले. वॉचमन उठून बाजूला झाला. हे म्हणाले, “दोन नंबरची लिफ्ट थांबताना धक्का देते. ऐक.”

“तुम्ही इथे काय करताय?”

ह्यांनी कान लिफ्टच्या दाराकडे वळवला.

“तुमच्या मशीनवर कोण आहे?”

“बेकरीवाला.” मग घसा खाकरून म्हणाले, “त्याची मुलगी पाच वर्षांची आहे गं.”

यादी लागली त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ‘स्वेच्छेने’ असं लिहून सही दिली. पाच शुक्रवार झाले. पाच शुक्रवार हा माणूस बस पकडून इथे येतो, वॉचमनबरोबर बसतो, लिफ्टचे आवाज ऐकतो आणि माझ्या वेळेच्या आधी घरी जाऊन पडतो. आणि मी त्या पाचही शुक्रवारी ह्यांच्या शुक्रवारासाठी सह्या गोळा करत होते! सुजेबद्दल, दमाबद्दल मी काय काय बोलले! ह्यांनी सगळं पाण्यावर जाऊ दिलं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू बाकावर येऊन बसली असतीस. तुझं चांगलं चाललं होतं.”

ज्यांच्या सह्या घ्यायला आले होते ती माणसं बघत होती. बघोत. मी भर दिवाणखान्यासारख्या त्या दालनात उभी राहून रडले आणि रडता रडता ह्यांना तोंडाला येईल ते बोलले. एका टायवाल्याने कागद माझ्या हातातून घेऊन गुपचूप सही केली आणि लिफ्टमध्ये शिरला.

१८ मे, शनिवार

बेकरीत गेले. शुक्रवार परत मागायलाच गेले होते, कोणापासून लपवू? तो भट्टीपुढे होता, पिठाच्या हातांनीच नमस्कार केला. गल्ल्यामागे त्याची मुलगी पुडक्यांवर शिक्के मारत होती. एकही सरळ नव्हता.

मी म्हटलं, “दोन पाव द्या.”

तोच म्हणाला, “काकू, मी नको म्हणालो होतो. काका ऐकेनात. म्हणाले, बायकोला सांगितलंस तर पाव घेणार नाही तुझ्याकडचा.” आणि मग म्हणाला, “एक शुक्रवार काकांचा, एक माझा. डॉक्टरांना मी विचारून आलोय. ते ओरडले, पण दुसरं त्यांच्याकडेही काही नाही.”

मला खरं तर मोठ्या मनाने ‘असू दे, तुम्हीच घ्या’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “पुढचा आमचा.”

३० मे, गुरुवार

समितीपुढे तीन मिनिटं मिळाली. गुरुवार, म्हणजे मास्तर मशीनवर. त्यांनी लिहून दिलेला कागद निर्दोष होता. मी तो उघडलाच नाही.

मी सांगितलं, शुक्रवार एक आहे आणि माणसं दोन आहेत. एक त्रेसष्टचा, एक चौतीसचा. मशीन वॉर्डातच आहे, वर चादर घातलीय. ती चादर काढायला हजारामागे अर्धा लागतो.

अध्यक्ष म्हणाले, “बाई, हा आरोग्य खात्याचा विषय आहे.”

“आरोग्य खातं म्हणतं, पैसा हा तुमचा विषय आहे.”

एक सदस्य म्हणाले, असा कर लावला तर बाजार उठून दुसऱ्या देशात जाईल. माझा संयम तिथे संपला. म्हटलं, “बाजाराला जाता येतं. आम्हाला नाही जाता येत, आमची पुढची पाळी परवा असते.”

दोघे-तिघे लिहून घेत होते. पॉइंटच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अध्यक्षांनी आभार मानले आणि जाहीर केलं की विषय गंभीर आहे, सबब अभ्यासगट नेमण्यात येईल, अहवाल वीस डिसेंबरला. पॉइंट बाहेर येऊन उड्या मारत होती. म्हणे पहिल्यांदाच कोणी तारीख दिली! बावीस वर्षं मोहीम चाललीय, कधी कोणी तारीख दिली नव्हती. मी तिला मिठी मारली. आनंद झाल्यासारखं तोंड करून मिठी मारली, एवढंच.

२ जून, रविवार

बेकरीवाला मुलीला घेऊन आला होता. माझ्या शिलाईच्या टेबलावरचे कपडे बाजूला सारून आम्ही दिनदर्शिका पसरली. वीस डिसेंबरपर्यंतच्या शुक्रवारांवर खुणा करायच्या, म्हणजे नंतर घोळ नको. निळ्या खडूची खूण आमची, लाल खडूची त्याची. कापडावर माप आखतात तशी मी एकाआड एक खूण करत गेले. जून, जुलै, ऑगस्ट. हे खुर्चीत बसून बघत होते. दोन शुक्रवारांपैकी एक मिळाला तर सूज थोडी उतरते, नाही असं नाही.

डिसेंबरला पोचल्यावर मी परत पहिल्यापासून मोजले. बेकरीवाल्यानेही मोजले. एकोणतीस भरतात. चौदा आणि चौदा, आणि वर एक.

ह्यांनी पाय खाली घेतले, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

मी म्हटलं, “एक शब्द बोलाल तर बघा.”